बाप्तिस्म्याची रांग

प्रभुभोजनाचा रस मी करायची. येशूच्या रक्ताची खूण म्हणून मंडळी तो पिते. त्याला द्राक्षारस म्हणायची पद्धत, पण परंड्याकडच्या आमच्या कोरड्या भागात त्या काळी द्राक्षं पाहिली होती कुणी? पाळकसाहेब बार्शीच्या बाजूनं, म्हणजे इंग्रजी हद्दीतून, बैलगाडीनं आमच्या मोगलाईत, निजामाच्या राज्यात, यायचे. तीन-चार महिन्यांतून एकदा. येण्याआधी कुणाच्या तरी हाती मनुकांची पुडी पाठवून द्यायचे. आणणारा वाटेत मूठभर खाऊन टाकायचाच. उरलेल्या मनुका मी आदल्या दिवशी भिजत घालायची, सकाळी उकळून कुस्करायची आणि मास्तरांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. मास्तर म्हणजे माझे यजमान. ते मिशनचे उपदेशक, सकाळी पोरांना शिकवत आणि रविवारी मंडळीला. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही म्हणे.

त्या रसाचा रंग, वास, फडक्यावर पडलेला न निघणारा डाग, सगळं मला आज या वयातही लख्ख आठवतं. लोक म्हणतात, आजीची याद दांडगी आहे. असेल. एका बाईवर मी त्या आठवणीच्याच बाबतीत अन्याय केला. त्याची ही हकीगत आहे.

आम्ही महारवाड्यातले ख्रिस्ती. सासऱ्यांनी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, मग आम्ही, मग आणखी सात-आठ घरं. मागून मांगवाड्यातली तीन घरं आली. दोन्ही वाडे गावानं गावाबाहेरच ठेवलेले. गावाच्या विहिरीवर आम्हालाही कुणी चढू देत नसे आणि त्यांनाही. वाटलं असतं की एवढं तरी सारखं आहे, आता एकमेकांना धरून राहतील. पण ज्याला दुसऱ्यानं दाराबाहेर उभं केलं, तोही आपल्या दाराला उंबरा घालून घेतो. आमच्या घराला होता. मांगवाड्यातलं कुणी आलं तर ते अंगणात बसे आणि पाणी मागितलं तर आम्ही वरून ओतायचो, ते ओंजळीनं प्यायचे. सासूबाई असेपर्यंत मी म्हणायची, सासूबाईंचं वय झालंय, त्यांना कशाला दुखवायचं. सासूबाई गेल्या. मी वरूनच ओतत राहिले.

त्या तीन घरांतलं एक घर म्हणजे एकटी बाई. सगळे तिला दाई म्हणत. पंचक्रोशीतली बाळंतपणं तिच्या हातची. पाटलाच्या वाड्यातही तिला मागच्या दारानं नेत आणि काम झालं की तिच्या वाटेवर शेण-गोमूत्र शिंपडत. माझी तिन्ही लेकरं तिनंच सोडवली. तिची स्वतःची पाच झाली होती, एकही राहिलं नाही, नवराही गेला. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं मोठी आणि तोंडानं फटकळ. प्रार्थनेला पहिल्यांदा आली ती मास्तरांवर रागावूनच आली. म्हणाली, "तुमचा द्येव म्हनं समद्यांना सारखं बगतो. आमाला बी बगतो का, का तुमच्याच वाड्यापतुर नजर पोचती त्येची?"

मास्तर हसले. त्यांना असली माणसं आवडत.

तिचा बाप्तिस्मा नदीवर झाला. सुगीचे दिवस होते, पाणी गुडघ्याच्या वर होतं. काठावर तिचं कोरडं लुगडं हातात धरून मी उभी होते. पाळकसाहेबांनी तिला शास्त्रातलं नवं नाव दिलं. ती ओली, दात वाजताहेत आणि तोंडानं ते नाव घोळवतेय, विसरू नये म्हणून. लुगडं गुंडाळता गुंडाळता मला म्हणाली, "बाई, आता मला ह्याच नावानं हाक मारा बरं का. दाई म्हनून आयुष्य गेलं."

मी म्हणाले, "होईल सवय हळूहळू."

सवय झाली नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिला दाई म्हणून हाक मारली आणि तिनं ओ दिली.

आता रांगेचं सांगते. प्रभुभोजनाला प्याला एकच असायचा, चांदीचा मुलामा दिलेला, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. मांगवाड्यातली तीन घरं आली त्याच्या पुढच्या खेपेला आमच्या वाड्यातला एक जाणता माणूस प्याला यायच्या आधी उठला, फेटा बांधला आणि दारात जाऊन उभा राहिला. त्या तीन घरांचं उष्टं त्याला नको होतं. त्याच्या मागं आणखी दोघं उठले. त्या दिवशी कसंबसं निभावलं, पण मास्तरांना रात्रंदिवस चैन पडेना. ते भले माणूस होते, हे मी त्यांची बायको म्हणून सांगत नाही. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. ज्याला कुणालाच दुखवायचं नसतं, तो शेवटी गरिबाला दुखवतो, कारण ते स्वस्तात पडतं. हे मला फार उशिरा कळलं.

त्यांनी तोड काढली. म्हणाले, जात काढायचीच नाही. ज्याचा बाप्तिस्मा आधीचा तो आधी बसेल, ज्याचा नंतरचा तो नंतर. पुरुषांत तसं, मग प्याला विसळून बायकांत तसं. मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्म्याच्या तारखा होत्याच. आमची घरं आधीची, त्यांची नंतरची. प्याला आपोआप आमच्याकडून त्यांच्याकडं जाणार. कुणाचं उष्टं कुणाला, हे कुणी तोंडानं बोलायचं कारणच नाही. पाळकसाहेबांना तर हा नियम इतका पसंत पडला की त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली. आमच्या वाड्यानं मान डोलावली. मीही रात्री मास्तरांना म्हणाले, डोकं लावलंत हो. त्यांनी वर बोट दाखवलं. म्हणाले, "मी काय करतोय. देव करील."

हे त्यांचं नेहमीचं. देव करील. पाऊस लांबला, देव करील. माणसं सुधारत नाहीत, देव करील. विश्वास म्हणून त्यात खोट नव्हती. पण पुढं पुढं मला वाटू लागलं की जे आपल्याला जड जातं, तेवढंच आपण देवाकडं ढकलतो.

नियम मंडळीत सांगितला तेव्हा दाईनं हात वर केला होता. "मास्तर, म्हंजी आमच्या मागनं जे कोन येतील, ते आमच्या मागं बसायचे?"

"व्हय. कुणी का असंना."

"मंग बसते की मागं," ती म्हणाली. "रांग हाय म्हनल्यावर सरकंल कवातरी."

आणि ती बसली. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं ती बायकांच्या ओळीत शेवटची बसली. आम्हाला ती निव्वळ सोय होती. तिला तो न्याय वाटला. तिनं त्या नियमावर असा भरवसा टाकला, जसा मास्तर देवावर टाकत. एकदा मी प्याला धुवायला घेतला तर जवळ येऊन चिडवायच्या सुरात म्हणाली, "बाई, तुमाला काय ठावं, गोडी तळालाच ऱ्हाती." मी हसले. मला खरंच वाटलं, हिला काही दुःख नाही.

सातव्या वर्षी मास्तरांचे थोरले भाऊ बाप्तिस्म्याला तयार झाले. या भावासाठी मास्तरांनी बारा वर्षं प्रार्थना केली होती. भाऊ तापट, वाड्यात वजन असलेले, आजवर पाळकांच्या सावलीलाही न फिरकणारे. मास्तर लहान पोरासारखे रडले. भावाबरोबर माझी मोठी जाऊ. दोघांचा बाप्तिस्मा शनिवारी झाला आणि रविवारी प्रभुभोजन होतं.

मी पहाटेपासून रस, पोळ्या, पाळकसाहेबांचं जेवण यांत गुंतले होते. शाळेच्या खोलीत पोहोचले तर मंडळी बसलेली. बायकांच्या ओळीत माझी जागा पुढं राखलेली. ओळीच्या शेवटी दाई नेहमीच्या जागी बसली होती, पण थोडी पुढं सरकून. मागं एका माणसापुरती जागा तिनं सोडली होती. ती जागा तिनं पदरानं झाडून ठेवलेली मी पाहिली. तेल लावून केस चोपून बसवले होते, बाप्तिस्म्याच्या दिवशीचं लुगडं नेसली होती. तिची रांग आज सरकणार होती.

जाऊबाई आल्या. त्यांनी ती झाडलेली जागा पाहिली, पदर आवरला आणि सरळ पुढं येऊन माझ्या शेजारी बसल्या.

दाई उठली. ओळीच्या कडेनं पुढं आली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "थोरल्या बाई, तुमी माज्या मागं. नेम हाय तसा."

जाऊबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुरुषांच्या बाजूला दीर ताठ झाले. त्यांचा हात फेट्याकडं गेला. आमच्या वाड्यातली आणखी दोन-तीन माणसं सावरून बसली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पाळकसाहेबांच्या हातात प्याला होता. त्यांनी मास्तरांना विचारलं, "यांच्यात आधीचा बाप्तिस्मा कुणाचा?" दोघींचाही बाप्तिस्मा त्यांनीच केला होता, जाऊबाईंचा तर कालच, आणि दप्तर त्यांच्याच पेटीत होतं, पाच पावलांवर. ते त्यांनी का उघडलं नाही, ते ते जाणोत. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. बायकांची ओळ माझ्या अखत्यारीतली.

दाईही माझ्याकडंच वळली. तिला वाटलं, आता मिटलं. "बाई, तुमी सांगा. तुमी तितं व्हता. माजं लुगडं धरून उभ्या व्हता. सुगी व्हती का न्हाय?"

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात किती विचार आले! दीर उठले तर वाडा उठणार. मास्तरांची बारा वर्षांची प्रार्थना दारातून बाहेर जाणार. जाऊबाई मला जन्मभर बोलणार. आणि दाई? दाई जुनी, पक्की, सोसणारी. तिला देव समजावील. हे सगळं विचार म्हणून मी मांडतेय, पण खरं तर ती भीती होती आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते. जाऊबाई तिच्या मागं बसल्या असत्या, तर उद्या मलाही घरात तिच्या हातात भांडं द्यावं लागलं असतं.

मी म्हणाले, "मला नाही आठवत."

दाई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती वळली, ओळीच्या शेवटी गेली आणि आपण झाडलेल्या जागेवर जाऊन बसली, सगळ्यांच्या मागं. प्याला माझ्याकडं आला, मी प्याले. जाऊबाई प्याल्या. प्याला शेवटी तिच्यापाशी गेला तेव्हा तिनं मान हलवली. पाळकसाहेबांना वाटलं, बरं नसेल. घरी येऊन मी प्याला धुतला. तळाला रस तसाच होता.

ती पुन्हा मंडळीत आली नाही. मास्तर दोनदा तिच्या झोपडीकडं जाऊन आले. "रुसलीय," म्हणाले. "देव करील." त्या दिवशी मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. "देवानं काय करायचं? त्यानं येऊन खरं बोलायचं का तुमच्यावतीनं?" ओरडले खरी, पण खरं बोलायचं होतं ते मीच.

पुढं रझाकारांचे दिवस आले. रोज कुठल्या ना कुठल्या गावची बातमी. लोक गाड्या जुंपून बार्शीकडं, हद्दीपलीकडं निघाले. आमच्या वाड्यातून पहिली गाडी दिरांची गेली. मला चौथ्या वेळचे दिवस भरलेले. जाऊबाई गाडीत चढता चढता म्हणाल्या, "तुला गाडीचे हिसके सोसायचे न्हाईत गं." ते खरंही होतं. पण त्या थांबल्या नाहीत, हेही खरं.

दोन दिवसांनी भर दुपारी कळा सुरू झाल्या. घरात मी, अंगणात मास्तर आणि घाबरलेली लेकरं. वाड्यात उरलेल्या दोन म्हाताऱ्यांना काही जमेना. मूल पायाळू होतं, मला उमजत होतं काहीतरी उलटं चाललंय. मास्तर मांगवाड्याकडं धावले. मी देवाला म्हणत होते, तिला येऊ नको देऊस. ती आली तर मी तिला तोंड कसं दाखवू? आणि त्याच श्वासात म्हणत होते, तिला पाठव, नाहीतर मी मरते. असली प्रार्थना ऐकून देवालाही काय करावं कळलं नसेल.

ती आली. उंबरा ओलांडून थेट आत आली. बाळंतपणात तिला उंबरा नसायचा. हात धुतले, तेल मागितलं, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि कामाला लागली. ती दुपार मी वर्णन करत नाही. दिवस कलता कलता मुलगा झाला. निळा पडलेला, रडेना. तिनं त्याला पालथा धरला, तोंडात बोट घालून साफ केलं, पाठीवर थापट्या मारल्या, स्वतःच्या तोंडानं फुंकर घातली. त्याच्या तोंडाला तिचं तोंड. तो रडला तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. घामानं निथळत होती.

माझ्या उशाशी तांब्या होता, फुलपात्र होतं. मी कोपरावर टेकून उठले, फुलपात्र भरलं आणि तिच्यापुढं धरलं. जन्मात पहिल्यांदा तिला मावशी म्हणाले. "मावशी, मला आठवतंय. सगळं आठवतंय. तुमचाच आधीचा. सुगी होती."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी बी ठावं व्हतं."

"मी चुकले. मी सांगते ना, तुमचाच आधीचा."

तिनं खोलीभर नजर फिरवली. मी, ते लेकरू आणि चार भिंती. "हितं कोन हाय ऐकाया?"

मी फुलपात्र आणखी पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. पुढं वाकली, दोन्ही हात जुळवून ओंजळ केली आणि ती माझ्यापुढं धरली.

"वरनं वता, बाई. तान लागलीया."

"मावशी, नका हो. हातात घ्या."

"वता."

मी ओतलं. निम्मं जमिनीवर सांडलं. तिनं उरलेलं पिऊन ओल्या हातानं तोंड पुसलं, बाळाकडं एकदा पाहिलं आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी आम्हालाही निघावं लागलं. मास्तर तिला गाडीत घ्यायला गेले होते. गाडीत जागा होती. ती आली नाही. गडबड शमल्यावर आम्ही परतलो, तेव्हा शाळेची खोली लुटलेली होती. दप्तराची पेटी पाळकसाहेब शेवटच्या खेपेला आमच्याकडं ठेवून गेले होते, तीही गेली. दाईची झोपडी रिकामी होती. दाराला बाहेरून कडी होती, एवढंच. ती कुठं गेली, कुणाबरोबर गेली, जिवंत होती की नाही, कुणालाच सांगता आलं नाही. मी पुष्कळ विचारलं. दुसऱ्यांनाही तिचं विशेष काही वाटलेलं नव्हतं. दाई होती, गेली.

मी देवाची माफी किती वेळा मागितली, त्याला गणती नाही. तो क्षमा करतो, असं मास्तर मरेपर्यंत सांगत होते. करत असेल. पण देवाची माफी मागणं मला फार सोपं गेलं, तो काही समोर बसून ओंजळ पुढं करत नाही. ज्या बाईचं मी देणं लागत होते, तिच्यापर्यंत ती क्षमा कधी पोहोचली का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी प्रार्थना करते, पण आता ती छपरापाशीच थांबते असं वाटतं. कधी कधी वाटतं, ती नदीवर ओली उभी होती तेव्हा देव तिच्या बाजूनं उभा होता आणि अजून तिथंच आहे, आमच्याकडं परत आलाच नाही.

आता आमचं देऊळ, म्हणजे चर्च, पक्कं झालंय. एका प्याल्याची भानगडही मिटली. प्रत्येकाला इवलासा वेगळा ग्लास मिळतो, कुणाच्या मागून कुणाला प्यावं लागत नाही. तरुण पाळक म्हणतात, स्वच्छतेच्या दृष्टीनं बरं. मी म्हणते, हो बाबा, फारच बरं.

मागच्या साली मंडळीच्या पहिल्या माणसांची नावं दगडावर कोरून भिंतीत बसवायचं ठरलं. दप्तर तर गेलेलं. त्या वेळचं जिवंत कुणी उरलं असेल तर मी. उपासना संपल्यावर सगळी मंडळी बसलेली असतानाच पाळकांनी माझ्यापुढं कागद धरला. दिरांचं आणि जाऊबाईंचं नाव त्यांच्या नातवानं आधीच लिहून आणलं होतं. "आजी, यांच्या आधीचं आणखी कुणी राहिलंय का?"

मी काठीला टेकून उठले. आवाज खणखणीत निघाला. म्हणाले, "राहिलंय. एक बाई राहिलीय. मांगवाड्यातली. सुगीच्या दिवसांत, नदीवर, माझ्यासमोर बाप्तिस्मा झाला तिचा. तुमच्या या आजोबा-आजीच्या सहा वर्षं आधी. मी तेव्हा खोटं बोलले होते."

मागच्या बाकावर मांगवाड्यातल्या घरांची नातवंडं बसली होती, तीही माना वर करून ऐकत होती. पाळकांनी पेन उघडलं. कागद मांडीवर घेतला.

"लिहितो, आजी. नाव सांगा."

मी तोंड उघडलं. नदी दिसली. ओलं लुगडं दिसलं. थंडीनं वाजणारे दात दिसले आणि त्या दातांतून ती एकच शब्द घोळवत होती, पुन्हा पुन्हा, विसरू नये म्हणून. ओठ हलताना दिसत होते. मी कधी त्या नावानं तिला हाक मारली नव्हती. एकदाही नाही.

पाळक थांबले होते. सगळी मंडळी थांबली होती.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.